उमेदवारी : हात घडविणारी शाळा

(शिक्षक, प्रशिक्षण अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



निवडणुका जवळ आल्या की ‘उमेदवार’ हा शब्द गावोगाव कानी पडू लागतो. पंचायतीच्या सदस्यांना तर तो फारच परिचयाचा. परंतु मतपत्रिकेवर येण्यापूर्वी हा शब्द कचेरीत, पेढीवर आणि कारखान्यात नांदत होता. ‘उमेद’ म्हणजे आशा; आणि उमेदवार म्हणजे आज हाती काही नसताना उद्याच्या आशेवर दुसऱ्याच्या हाताखाली काम शिकणारा माणूस. ‘त्याने अमक्या मिस्त्रींच्या हाताखाली चार वर्षे उमेदवारी केली आहे’ असे जुनी माणसे म्हणत, तेव्हा त्या एका वाक्यात प्रमाणपत्रच सामावलेले असे. ‘अप्रेंटिस’ या इंग्रजी शब्दासाठी पुढे शासनव्यवहारात ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्द रूढ झाला, तो याच परंपरेतून.

दहावीचा निकाल लागला की हजारो घरांत एकच प्रश्न उभा राहतो : पोराने आता काय शिकावे? ज्यांना महाविद्यालयाची वाट लांब वाटते त्यांच्यापैकी अनेकजण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेकडे वळतात. दोन वर्षे जातात, प्रमाणपत्र हाती पडते आणि मुलगा नोकरीसाठी कारखान्याच्या दारात उभा राहतो. तेथे त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो अनुभवाचा. अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, अशा फेऱ्यात तो सापडतो. हा फेरा तोडणारी व्यवस्था देशात साठ वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात आहे. तथापि तिच्याविषयी गावात फारसे बोलले जात नाही, आणि बोलले गेले तरी पुष्कळदा गैरसमजुतीनेच बोलले जाते. म्हणून उमेदवारी म्हणजे काय, तिच्यात नेमके काय शिकले जाते आणि ती कोठे फसते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

हातात उतरणारे ज्ञान

जोडारी, म्हणजे फिटर, या व्यवसायाचे उदाहरण घ्यावे. नवशिक्या जोडाऱ्याला पहिले काम दिले जाते ते अगदी साधे दिसणारे. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये पकडावयाचा आणि कानशीने त्याची एक बाजू सपाट करावयाची. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना कापत नाही. म्हणून पुढे नेताना दाब द्यावयाचा आणि मागे घेताना सोडावयाचा. पुढे नेतानाही सुरुवातीस टोकावरच्या हाताचा दाब अधिक, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटी मुठीवरच्या हाताचा अधिक. हे सारे पुस्तकात अर्ध्या पानात लिहिता येते आणि विद्यार्थ्याला एका तासात पाठही होते.

परंतु प्रत्यक्षात काय घडते? कानस हातात डोलू लागते. दोन दिवस घासून झाल्यावर पट्टीवर गुण्या ठेवून ती उजेडाकडे धरली की दोन्ही कडांखालून प्रकाश डोकावतो. मधला भाग उंच राहिलेला असतो, कडा उतरलेल्या असतात. नियम डोक्यात पक्का आहे, पण तो खांद्यात, कोपरात आणि मनगटात उतरलेला नाही. शेजारी उभा असलेला जाणता कारागीर काही व्याख्यान देत नाही. तो मुलाचा डावा पाय चार बोटे पुढे सरकवतो, कोपर खाली दाबतो आणि म्हणतो, “आता घास.” काही आठवड्यांनी एके दिवशी गुण्याखालचा प्रकाश नाहीसा होतो. त्या दिवशी त्या मुलाला जे कळते, ते त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

पुढची पायरी याहून सूक्ष्म असते. यंत्राचा सरकता भाग बसविताना केवळ डोळ्यांना सपाट दिसणारा पृष्ठभाग पुरत नाही. सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा पातळ लेप देतात आणि तो भाग तिच्यावर हलकेच फिरवितात. जेथे निळे ठिपके उमटतात त्या जागा उंच. तेवढ्याच जागा स्क्रेपरने खरवडावयाच्या, पुसावयाचे आणि पुन्हा फिरवून पाहावयाचे. ठिपके सर्वत्र सारखे पसरेपर्यंत हे चालते. मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटरपर्यंतचे माप दाखवितो; पण किती दाबाने खरवडले असता किती धातू निघेल, हे माप कोणत्याही उपकरणावर लिहिलेले नसते. ते हाताला कळावे लागते, आणि हाताला कळण्यासाठी काळ द्यावा लागतो.

म्हणूनच कोणत्याही कुशल व्यवसायाच्या शिक्षणात तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : करावयाचे खरे काम, चूक दाखविणारा जाणकार आणि चूक सुधारण्याची सवड. वर्गात दुसरी व तिसरी गोष्ट मिळू शकते, पण पहिली अपुरी पडते. नुसत्या नोकरीत पहिली मिळते, पण तिसरी मिळत नाही, कारण मालाची निकड असते. या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आणण्यासाठी मनुष्याने शोधून काढलेली व्यवस्था म्हणजे उमेदवारी होय.

परंपरेचे देणे आणि परंपरेचे बंद दार

ही व्यवस्था महाराष्ट्राला नवी नाही. मिरजेच्या तंतुवाद्यांची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तेथील शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा शस्त्रांना धार व झिलई देण्याचा. राज्ये गेली, तलवारी म्यानात राहिल्या आणि त्यांचे काम ओसरले. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारखे कारागीर तंबोरे व सतारी घडविण्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांत पिकणारे मोठे भोपळे आणावयाचे, वाळवावयाचे, कापावयाचे, त्यांना आकार द्यावयाचा, त्यांवर लाकडी दांडी चढवावयाची, असे हे काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या कामाचे फळ होय.

या कामातील सर्वांत अवघड भाग जवारी काढण्याचा. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा घासून त्याला इतका अल्प उतार द्यावयाचा की छेडलेली तार तिला हलकेच स्पर्श करीत कंप पावेल आणि स्वर भरदार होऊन गुंजत राहील. एक घास अधिक झाला तर स्वर बोदा होतो, एक घास कमी पडला तर तो उघडत नाही. हत्यार येथेही मुख्यत्वे कानसच. मात्र येथे गुण्याचे काम कानाला करावे लागते. असे ज्ञान नियमावलीत बांधून देता येत नाही. ते गुरूच्या शेजारी बसून, ऐकून, बिघडवून आणि पुन्हा जुळवूनच घ्यावे लागते.

तथापि परंपरेचा गौरव करीत असताना तिचा दोष झाकता येणार नाही. गावगाड्यात सुताराचे काम सुताराच्या मुलाने, लोहाराचे लोहाराच्या मुलाने आणि चांभाराचे चांभाराच्या मुलाने शिकावयाचे, असा दंडक होता. एकाला जो धंदा जन्माने मिळे, तो दुसऱ्याला इच्छा असूनही मिळत नसे. आणि ज्याला मिळे, त्याला तो टाकून दुसरा धरण्याची मोकळीक नसे. मुलींना तर बहुतेक धंद्यांची कवाडे बंदच होती. शिकणाऱ्याने किती वर्षे राबावे, त्याला काय मिळावे, तो केव्हा ‘तयार’ झाला असे समजावे, याचे लेखी बंधन कोणावरही नव्हते. जुन्या उमेदवारीने हात उत्तम घडविला, पण दार मोजक्यांसाठीच उघडे ठेवले.

दाराच्या या प्रश्नाचा सामना इतर देशांनाही करावा लागला. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने सात वर्षांच्या उमेदवारीशिवाय ठराविक धंदे करण्यास मनाई होती. अडीचशे वर्षांनी, १८१४ मध्ये, हे बंधन उठविण्यात आले. यंत्रयुगाच्या रेट्यापुढे जुनी चौकट टिकली नाही, परंतु शिकणाऱ्याला नवे संरक्षणही लगेच मिळाले नाही. जर्मनीने वेगळा मार्ग धरला. तेथे कारखाना व व्यवसाय-शाळा यांनी मिळून मुलाला घडवावे, अशी द्विदल पद्धत रुजली आणि १९६९ च्या कायद्याने तिला देशव्यापी चौकट मिळाली. आठवड्यातील तीन-चार दिवस कारखान्यात, एक-दोन दिवस शाळेत, बहुतेक व्यवसायांत तीन ते साडेतीन वर्षांची मुदत आणि शेवटी उद्योग व कारागिरांच्या मंडळांनी घेतलेली परीक्षा, असे तिचे स्वरूप आहे.

महाराष्ट्रात कारखानदारी आली तेव्हा बंद दारे काही ठिकाणी किलकिली झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. नांगर बनविणाऱ्या अशा कारखान्यात ओतकाम किंवा कातकाम करणाऱ्या माणसाला त्याच्या वडिलांचा धंदा विचारून भागणारे नव्हते. भट्टीला आणि लेथला जात कळत नाही. त्यांना हात कळतो. जे एका द्रष्ट्या कारखानदाराच्या इच्छेवर अवलंबून होते, ते सर्वांसाठी हक्काचे व्हावयाचे तर कायदा आवश्यक होता.

कायद्याने काय दिले

संसदेने शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ मध्ये संमत केला आणि तो १ मार्च १९६२ पासून अंमलात आला. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले. २०१४ च्या दुरुस्तीने नव्या व्यवसायांना त्यात वाव मिळाला. २०१९ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले, तर ४ ते २९ मनुष्यबळाच्या आस्थापनांसाठी ते ऐच्छिक ठेवण्यात आले. १९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के हिस्सा, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र शासनाने उचलण्याची तरतूद झाली.

आकड्यांपेक्षाही कायद्याचा गाभा समजून घेणे महत्त्वाचे आहे. उमेदवारी सुरू होते ती लेखी करारनाम्याने. उमेदवार अज्ञान असेल तर पालकाची सही लागते आणि कराराची शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंद होते. किमान वय १४ वर्षे. धोक्याच्या उद्योगांत ते १८ वर्षे. मालकाने व्यवसाय शिकविलाच पाहिजे. तो स्वतः त्या व्यवसायातील जाणकार नसेल तर पात्र व्यक्तीच्या हाती प्रशिक्षण सोपविले पाहिजे. उमेदवारानेही मन लावून शिकावे, वर्गांना नियमित हजर राहावे, हे त्याचे कर्तव्य म्हणून कायद्यात नमूद आहे. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. विद्यावेतन दरमहा मिळावयास हवे.

यातील एक तरतूद विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. शिकाऊ उमेदवाराला नगावारी मोबदला देता येत नाही, आणि जादा उत्पादनाच्या बोनस योजनेतही त्याला सामील करून घेता येत नाही. वरवर पाहता ही गोष्ट त्याच्या तोट्याची वाटेल. ‘जास्त नग काढले तर जास्त पैसे का नकोत?’ असा प्रश्न एखादा पालक विचारीलही. परंतु कायदा करणाऱ्यांनी येथे दूरदृष्टी दाखविली आहे. नगावर पैसे मिळू लागले की मुलगा एकच भोक, एकाच यंत्रावर, दिवसभर पाडीत बसेल. त्याचा वेग वाढेल, कमाई वाढेल आणि शिक्षण तेथेच थांबेल. चूक करण्याची व ती सुधारण्याची जी सवड मघाशी सांगितली, तिचे रक्षण करण्यासाठीच ही मनाई आहे. याच हेतूने प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामावर उमेदवाराला लावणे आणि परवानगीवाचून त्याच्याकडून जादा वेळ काम करून घेणे, हे दोन्ही कायद्याने दंडनीय ठरविले आहे.

कोठे फसते

असा चांगला कायदा असतानाही उमेदवारी सर्वत्र सफल होते, असे म्हणता येणार नाही. ती दोन बाजूंनी फसते.

पहिली बाजू कारखान्याची. काही ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तात मिळालेला हात, अशी समजूत असते. त्याला एका यंत्रापुढे उभे केले जाते आणि वर्ष संपेपर्यंत तो तेथेच उभा राहतो. करारात जोडारी लिहिलेले असते. प्रत्यक्षात तो खोकी भरतो. वर्षअखेर त्याला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राची परीक्षा द्यावयाची असते. तेथे जॉबचे रेखाचित्र समोर आले की त्याचा हात थबकतो. अशा वेळी नापास होतो तो मुलगा. पण खरे पाहता त्याला शिकविण्याचे वचन देणारा नापास झालेला असतो.

दुसरी बाजू घराची. ‘अप्रेंटिस लागला’ म्हणजे ‘नोकरी लागली’ असा समज गावात रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. करारात तसे लिहिलेले नसेल तर उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही आणि ती स्वीकारण्याचे बंधन उमेदवारावरही नाही. नोकरभरतीचे आपले धोरण ठरवावे, एवढे २०१४ च्या दुरुस्तीने मालकास सांगितले आहे. हे आधी न समजल्यामुळे घरच्यांचा भ्रमनिरास होतो. मग सहा महिन्यांतच ‘विद्यावेतनापेक्षा बाहेर रोजंदारीवर जास्त मिळतात’ असा हिशेब मांडला जातो आणि मुलगा उमेदवारी अर्धवट सोडतो.

हा हिशेब खोटा नसतो, ही त्यातील अडचण आहे. त्या महिन्याचे गणित पाहिले तर रोजंदारीचे पैसे खरोखरच अधिक असू शकतात. घरात आजारी माणूस असेल, कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल, तर त्या मुलाला दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. परंतु दहा वर्षांचे गणित वेगळे निघते. अर्धवट शिकलेल्या हाताला मजुरीचा दर मिळतो आणि पूर्ण शिकलेल्या हाताला कसबाचा. हे दुसरे गणित त्या घराला समजावून सांगणारे कोणी नसते. तेथेच शिक्षकाची आणि पंचायतीची जागा आहे.

मुलींच्या बाबतीत अडथळे आणखी वाढतात. कायदा स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही, वीजतंत्री किंवा कातारी हा व्यवसाय मुलीला येणार नाही असे कोठेही लिहिलेले नाही. पण कारखाना तालुक्याच्या बाहेर, शेवटची एसटी सायंकाळी लवकर, आणि शॉपमध्ये स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची खोलीसुद्धा नाही, अशा साध्या कारणांनी मुलीची उमेदवारी घरातच थांबते. ही कारणे दूर करणे फार खर्चाचे काम नाही. त्यांकडे लक्ष जाण्याची गरज आहे.

कायद्याच्या कुंपणाबाहेरील दुकान

आता कारखान्याकडून गावाकडे वळावे. बहुतेक बाजारगावांत विहिरीवरच्या मोटारी भरून देणारे, म्हणजे रिवाइंडिंगचे, एखादे दुकान असते. भर उन्हाळ्यात एखादा फेज जातो, दाब कमी होतो किंवा पंप कोरडा चालतो, आणि मोटार जळते. ऊस किंवा भाजीपाला उभा असताना शेतकरी ती खांद्यावर घेऊन त्या दुकानात येतो. दुकानात मालक आणि दोन पोरे. एकजण जळालेली तार उपसून काढतो आणि उपसताना वेटोळ्यांचे फेरे मोजतो. दुसरा खाचांतून कागद बसवितो. मालक तारेचा गेज पाहून नवे वेटोळे टाकतो, जोड देतो, व्हार्निश लावतो, भाग शेकून वाळवितो. आज मोटार परत गेली नाही तर उद्या पीक मान टाकणार, हे त्या तिघांनाही ठाऊक असते.

तेथे चालते ती अस्सल उमेदवारी. खरे काम आहे, जाणकार शेजारी आहे. दोन-तीन वर्षांत ही पोरे जळालेल्या तारेचा रंग पाहून मोटार कशाने जळाली ते सांगू लागतात. मात्र त्यांच्याजवळ करार नाही, विद्यावेतनाची हमी नाही, अपघात झाल्यास भरपाईचा हा आधार नाही आणि शेवटी कागदही नाही. ४ पेक्षा कमी माणसांचे हे दुकान शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या चौकटीत बसत नाही. शिवाय पोर १४ वर्षांच्या आतले असेल तर ते शिक्षण राहत नाही. ती बालमजुरी होते, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने तिला घरच्या उद्योगातील शाळेबाहेरच्या वेळेची मदत यासारखे मोजके अपवादच ठेवले आहेत. त्या पोराची जागा शाळेत आहे, हे पंचायतीने निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

वयाने मोठ्या झालेल्या अशा कारागिरांसाठी काही वाटा निघाल्या आहेत. अनुभवाने मिळविलेले कौशल्य तपासून त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्र शासनाच्या कौशल्य योजनेत झाली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, चर्मकार, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व सवलतीच्या व्याजाचे कर्ज देण्याची तरतूद करण्यात आली. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर ठेवण्यात आली, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावी. खरा लोहार कोण आणि कागदावरचा लोहार कोण, हे जिल्ह्याच्या कचेरीपेक्षा गावाला अधिक चांगले कळते.

शाळेची वाट

हाताचे शिक्षण दहावीनंतर सुरू करावयाचे, असा दंडक नसावा. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे केंद्र मानणारी कल्पना मांडली. नयी तालीम म्हणून ती ओळखली जाते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे ग्रामीण मुले जोडकाम, वीजकाम, बांधकाम, शेती अशी कामे प्रत्यक्ष करीत शिकतात, आणि शिकताना गावाला उपयोगी पडणारी सेवाही देतात. शाळेत मागे पडलेला मुलगा तेथे कोन मोजू लागतो, कारण त्याला फाटकाची चौकट काटकोनात जोडावयाची असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना गावातील सुतार, माळी, कुंभार यांसारख्या कारागिरांजवळ शिकण्याची शिफारस आहे. ही शिफारस सहलीसारखी उरकली गेली तर तिच्यातून काही निष्पन्न होणार नाही. पण मुख्याध्यापकाने आधी कारागिराशी बोलून, मुलांनी एखादी वस्तू स्वतःच्या हाताने पुरी करावी असे ठरविले, तर त्या दहा दिवसांत दोन गोष्टी घडतील. मुलाला आपल्या हाताचा कल कळेल. आणि ज्या सुताराला गाव एरवी दार नादुरुस्त झाले तरच बोलावते, तो चार दिवस गुरुजी होईल.

काय करता येईल

यासाठी फार मोठ्या योजनेची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. माध्यमिक शाळेतील एका शिक्षकाने जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशी आणि तालुक्यातील कारखान्यांशी ओळख ठेवावी, दहावीच्या मुलांना व पालकांना दरवर्षी एकदा व्यवसायांची माहिती द्यावी, आणि उमेदवारी म्हणजे नोकरी नसून नोकरीची व धंद्याची तयारी आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. ग्रामपंचायतीने गावातील कोण मुलगे-मुली कोठे उमेदवारी करीत आहेत याची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. निवडून आलेल्या सदस्यांचा सत्कार होतो, तसा परीक्षा उत्तीर्ण होऊन परतलेल्या जोडाऱ्याचा किंवा वीजतंत्रीचाही व्हावा. एखादे घर अडचणीमुळे मुलाची उमेदवारी सोडविण्याच्या बेतात असेल तर त्या घरी दोन माणसांनी जाऊन बसावे. बहुधा चार-पाच महिने निभावण्याचाच प्रश्न असतो.

अधिकाऱ्यांचे काम वेगळे व अधिक जबाबदारीचे आहे. किती उमेदवारांची नोंद झाली, हा आकडा अहवालात सहज भरता येतो. त्या आकड्यामागे शिक्षण झाले की नाही, हे कळण्यासाठी शॉपमध्ये जावे लागते. उमेदवाराने आपल्या कामाची दैनंदिनी ठेवावयाची असते. ती उघडून पाहावी. तिच्यात तीन महिने एकाच यंत्राचे, एकाच कामाचे नाव असेल तर कारखान्याला विचारणा करावी. त्याच्या हाती रेखाचित्र देऊन ‘हे वाचून दाखव’ असे म्हणावे. मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रातील वर्गाला तो खरोखर जातो का, ते पाहावे. अशी एक भेट दहा परिपत्रकांचे काम करील.

पालकांसाठी, करारनाम्यावर सही करण्यापूर्वी विचारावयाचे तीनच प्रश्न पुरेसे आहेत. वर्षभरात कोणकोणते काम शिकविले जाणार आहे? शिकविणारा माणूस कोण आहे? आणि शेवटची परीक्षा केव्हा आहे? या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली तर मूल योग्य ठिकाणी जात आहे, असे समजण्यास हरकत नाही. विद्यावेतन किती, हा चौथा प्रश्न ओघानेच विचारला जाईल. तो पहिला मात्र असू नये.

जुन्या काळी हात घडविणारे गुरू होते, पण दार बंद होते. स्वातंत्र्यानंतर कायद्याने दार उघडले. सुताराचा मुलगा वीजतंत्री होऊ शकतो, शेतमजुराची मुलगी कातारी होऊ शकते, आणि त्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु उघड्या दारातून आत आलेल्या मुलाला एखाद्या कोपऱ्यात खोकी भरावयास उभे केले, तर दार उघडल्याचे पुण्य वाया जाते. आत त्याच्या शेजारी उभा राहून, त्याचा पाय चार बोटे पुढे सरकवून ‘आता घास’ असे म्हणणारा माणूस भेटला पाहिजे. कायदा त्या माणसाची नेमणूक करू शकतो. तो आपल्या जागी उभा आहे की नाही, हे पाहण्याचे काम मात्र अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचे आहे. त्यांनी ते केले तर ‘उमेदवार’ या शब्दातील उमेद खरी ठरेल.